बोगद्यातला इटालियन

ही १९८७ सालची गोष्ट. त्या वर्षी ऑक्टोबर संपत आला तरी बेटावरचे ऊन हटत नव्हते, आणि बंदरामागच्या टेकडीवर जुन्या इटालियन तोफखान्याला चुना लागत होता. युद्धात सगळे गाव ज्या बोगद्यांत मेंढरांसारखे दाटून बसले होते, तिथे आता विजेचे दिवे आले होते. गंजलेल्या तोफांना तेलपाणी झाले होते. रविवारी दुपारी उद्घाटन. अथेन्सहून मंत्री येणार की नाही, यावर कॉफीच्या दुकानात पैजा लागत होत्या.

शनिवारी सकाळी त्याच दुकानात आर्गिरो कोंदारातू कपातला गाळ खाली बसायची वाट पाहत होती. पिरेअस बंदरात तिचे खाजगी तपासाचे ऑफिस होते. पळालेले नवरे, मुद्दाम बुडवलेल्या बोटी, खोटे विमे असे काही शोधायचे असले की लोक तिच्याकडे जात. पन्नाशी उलटलेली, काळ्या कपड्यांतली, अंगाने किरकोळ बाई. नवरा वारल्यापासून ती दर शरदात सासरच्या बेटावर येई. सोबत धाकटा दीर पांतेलिस असे. तो मालवाहू बोटीवर आचारी होता. नोकरीतून निवृत्त झाला होता, जेवणातून नाही.

"वहिनी, तो पाव तुम्ही खाणार आहात की नुसता बघणार आहात?"

"घ्या, भावजी. मघापासून तोच तुमच्याकडे बघतोय."

तेवढ्यात एक परकी बाई टेबलाशी येऊन उभी राहिली. काळा कोट, हातात घट्ट धरलेली पर्स. ती इटालियनमध्ये बोलली. आमच्या बेटावर युद्धापर्यंत इटलीचे राज्य होते, त्यामुळे त्या काळी पन्नाशीपुढचे सगळेच शाळेत इटालियन शिकलेले असत, आणि आर्गिरोला ती पिरेअसच्या धक्क्यावर आली होती; भाषेची अडचण नव्हती.

"मी ओर्नेला स्कार्पा. तुम्ही चोऱ्या शोधता, असं हॉटेलवाली म्हणाली."

"शोधते. काय गेलंय?"

"माझा भाऊ."

पांतेलिसने पाव खाली ठेवला. "कधीपासून बेपत्ता आहे?"

"मेलाय तो. त्रेचाळीस साली."

आर्गिरोने तिच्यासाठी खुर्ची ओढली.

ओर्नेलाचा भाऊ दोनातो या तोफखान्यात तोफची होता. इटलीने शरणागती पत्करली, जर्मनांनी बेट घेतले, आणि घरी निरोप आला की दोनातो तोफखान्यात पडला. प्रेत मात्र आले नाही. आईने ते मरण कधी मानलेच नाही. दर नाताळला ती त्याचे ताट वाढे. गेल्या हिवाळ्यात ती वारली. जाताना तिने लेकीकडून वचन घेतले, की तो सापडला तर त्याला माझ्या शेजारी आणून ठेव.

"आणि या वसंतात सापडला," ओर्नेला म्हणाली. "बोगद्यातली एक भिंत पाडली, तिच्यामागे. अंगावर आमच्या सैन्याचा कोट, गळ्यात नावाचा बिल्ला. उद्या समारंभात तो माझ्या स्वाधीन करणार होते. सोमवारच्या बोटीने मी त्याला घेऊन जाणार होते. आज सकाळी पेटी उघडली तर रिकामी."

"पेटीतलं सगळं गेलं?"

"फक्त हाडं. बिल्ला तिथेच आहे. बटणं, कोटाच्या चिंध्या, सगळं घडी घालून ठेवलंय."

"घडी घालून," आर्गिरो स्वतःशीच म्हणाली.

ओर्नेला पर्सच्या कडीशी चाळा करत राहिली. "तुम्हाला वाटेल, हाडांसाठी एवढा जीव का टाकते ही. मी पाच वर्षांची असताना अंजिराच्या झाडावर अडकले होते. मला उतरवायला तो चढला आणि पडला. डावा हात कोपरात मोडला. गावच्या हाडवैद्याने तो वाकडाच बसवला. पुढे तो तोफेवर गेला. गोळा उचलताना तो हात नेहमी मागे पडत असणार. मला रात्रंदिवस वाटतं, त्या हातामुळेच तो मेला. म्हणजे माझ्यामुळे."

"असं काही नसतं हो," पांतेलिस म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?" ओर्नेला म्हणाली.

*

बोगद्याच्या तोंडाशी व्होत्सिस मास्तर उभे होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी या तोफखान्याच्या डागडुजीत वर्षे घातली होती. ओर्नेला बाहेरच बाकावर बसून राहिली. आत जाण्याचे बळ तिच्यात नव्हते.

आत गारवा होता. ताज्या चुन्याच्या वासाखाली जुनी ओल होतीच. मुख्य बोगद्याच्या उजव्या अंगाला दारूगोळ्याची एक लहान कोठडी होती. तिची भिंत मास्तरांनी पाडली होती. मधोमध सुरूच्या लाकडाची पेटी, तिच्या तळाशी घडी केलेल्या चिंध्या, आणि वर मधोमध ठेवलेला बिल्ला.

"कुलूप?" आर्गिरोने विचारले.

"शाबूत. किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक रखवालदार मिहालिसकडे, एक फादर येरोनिमोसकडे. ते रोज संध्याकाळी इथे तेलाचा दिवा लावतात. कॅथलिक असला तरी मेलेलं माणूस अंधारात ठेवायचं नाही, म्हणतात. काल तिन्हीसांजेला हाडं होती, त्यांनी पाहिली."

"आणि तुम्हाला ती परत द्यायची नव्हती."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "नगरपालिकेत मी भांडलो, ते कोणीतरी सांगितलेलं दिसतंय. होय. तो इथेच राहावा असं मला वाटत होतं. तोफा काय, सगळीकडे असतात. लोक माणूस बघायला येतात. आता त्या बाईला बाकावर बसलेलं पाहिलं, की स्वतःची लाज वाटते. पण चोरी मी केलेली नाही."

"हाडं कशी होती?"

"उत्तम!" मास्तर विषयात शिरले. "एकेक हाड मी ब्रशने साफ केलंय. कपाळावर बॉम्बचा तुकडा शिरलेला, तेवढाच घाव. बाकी अंगभर एक ओरखडा नाही. मोडलेलं नाही, जुळलेलं नाही. शाळेत शिकवायला ठेवावं असं शरीर."

"भिंत पाडायची कल्पना तुमची?"

"माझीच. मिहालिस तर सारखा आडवा यायचा. म्हणे, ती भिंत काढली की छत खाली येईल. शेवटी तो डोळ्याच्या ऑपरेशनला ऱ्होड्सला गेला, तेव्हा मी उरकून घेतलं. छताला काही धाड भरली नाही!"

पांतेलिस वर पाहत दोन पावले मागे सरकला.

*

मिहालिस लोखंडी फाटकाजवळच्या लाकडी बाकड्यावर बसला होता. सत्तरीकडे झुकलेला, पांढऱ्या मिशांचा, ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावलेला माणूस. एवढ्या उन्हातही डाव्या हातावर जाकीट टाकलेले. ओर्नेला बसली होती त्या बाजूला त्याची पाठ होती.

"काल फादर गेले की मी कुलूप लावलं," तो म्हणाला. "घरी गेलो. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असते. सकाळी तिथेच होती."

"घरी आणखी कोण होतं?"

"कोणी नाही. बायको स्मशानात आहे. काल तिच्या आईची हाडं वर काढली. धुऊन वाळत घातलीत. वाळेपर्यंत ती जागची हलायची नाही." आमच्या बेटावर मातीतला माणूस तीन वर्षांनी वर काढतात आणि धुतलेली हाडे पेटीत घालून अस्थिघरात ठेवतात.

"अनेझिनी आजीची?" पांतेलिस हळहळला. "तीन वर्षं झालीसुद्धा? किती प्रेमळ बाई! बोट लागली की धक्क्यावर येऊन उभी. 'माझा स्त्रातिस उतरला का रे?' प्रत्येक खलाशाला विचारायची. तुमचा मेव्हणा ना तो? युद्धात इजिप्तला पळून गेला, आपल्या सैन्यात भरती व्हायला?"

"मी त्याला ओळखत नव्हतो," मिहालिस म्हणाला. "मी मागाहून आलो. युद्ध संपल्यावर, अलेक्झांड्रियाहून."

"तरीच बोलण्यात जरा हेल आहे. तिकडचे ग्रीक गातात की बोलतात कळत नाही." पांतेलिसने बोगद्याकडे पाहिले. "मास्तरांनी भिंत काढलीय खरी. उद्या सगळं गाव आत असताना छत आलं तर?" आणि अभद्र टळावे म्हणून त्याने घाईघाईने बाकड्याच्या फळीवर तीनदा बोटे वाजवली.

मिहालिसनेही हात पुढे केला आणि फाटकाची लोखंडी सळई घट्ट धरली.

"ती बाई कधी जाणार?" त्याने विचारले.

"सोमवारी," आर्गिरो म्हणाली. "रिकाम्या हातानं."

मिहालिस उठला. फाटक त्याने उजव्या हाताने ओढले. जाकीट होते तिथेच राहिले.

*

फादर येरोनिमोस चर्चच्या ओट्यावर वाती वळत होते. उंच, रागीट, बोलायला तिखट.

"हाडं मी नेली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "तिकीट काढून मेलेला माणूस बघायचा! मास्तरांना मी म्हटलं, तुमचा बाप ठेवा तिथे. पण मी नेली नाहीत. मनात आलं होतं, हे मात्र खरं. गुपचूप नेऊन मातीत ठेवावं. आलं आणि धीर झाला नाही. त्याचीही टोचणी आहेच."

"काल अनेझिनी आजीच्या अस्थी वर काढायचं काम झालं म्हणे."

"झालं. मी म्हणत होतो, वसंतात करू. जमीन कोरडी असते. पण तिची लेक कालिरोई हटून बसली, याच आठवड्यात करायचं. हाडं वाइनने धुतली, प्रार्थना झाली, मृतांची नावं वाचली. आणि एक चांगलं झालं. तिने स्त्रातिसचं नाव मृतांमध्ये घ्यायला सांगितलं. इतकी वर्षं त्या घरात त्याच्या नावानं श्राद्धाचा गहू उकडला नव्हता. म्हातारी घेऊच देत नव्हती. माझा मुलगा जिवंत आहे म्हणायची."

"आता म्हातारीच गेली, मग अडवणार कोण?" पांतेलिस म्हणाला.

"म्हातारी गेली तीन वर्षांपूर्वी, भावजी," आर्गिरो म्हणाली. "फादर, तिच्या चाळीसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला घेतलं होतं का स्त्रातिसचं नाव? वर्षश्राद्धाला?"

फादरांनी आठवून पाहिले. "नाही. कालच्या आधी कधीच नाही."

*

दुपारी पांतेलिस खाणावळीत गेला आणि आर्गिरो एकटीच स्मशानात.

अस्थिघराच्या अंगणात दोन-तीन बायका चादर झटकत होत्या. कालिरोई भिंतीला टेकून बसली होती. हात वाइनने जांभळे पडलेले, डोळे न झोपलेले. शेजारी नवी, बंद केलेली लाकडी पेटी. वर अनेझिनीचा फोटो. कालिरोईने आर्गिरोच्या ओंजळीत उकडलेला गोड गहू घातला.

"देव त्यांना शांती देवो," आर्गिरो म्हणाली.

"त्यांना," कालिरोई म्हणाली. मग खाली पाहतच, "ती इटालियन बाई फार रडते का?"

"रडत नाही. तेच वाईट."

"तिला सांगा, तिच्या भावाची इथे आबाळ झाली नाही."

आर्गिरोने गहू खाल्ला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाली.

संध्याकाळी पांतेलिस पोट धरून हसत आला. "वहिनी, सुतार भेटला खाणावळीत. काय म्हणाला ऐका! अनेझिनी आजी चिमणीएवढी, आणि लेकीने पेटी मागितली हत्तीची. तो म्हणाला, 'अगं, म्हातारी तिथे नाचणार आहे का?' तर म्हणाली, 'नाचू दे की, मेल्यावर तरी ऐसपैस राहू दे.'"

आर्गिरो हसली नाही.

"भावजी, माणसाला खरं शोधून काढता येतं, म्हणून ते काढावंच का?"

"असं काय विचारता, वहिनी? त्या बाईने सांगितलंय तुम्हाला शोधायला. तिचा भाऊ आहे."

"हो," आर्गिरो म्हणाली. "तिचा भाऊ आहे, हेच तर आहे."

*

रविवारी चर्च सुटल्यावर आर्गिरोने पाच जणांना त्या कोठडीत बोलावले: ओर्नेला, मास्तर, फादर, मिहालिस आणि कालिरोई. पांतेलिस दारात उभा राहिला. बाहेर शाळेच्या बँडची तालीम चालू होती. ढोल एकीकडे, तुतारी दुसरीकडे.

"चोराने काय नेलं, हे मला सगळ्यांनी सांगितलं," आर्गिरोने सुरुवात केली. "मी विचार करत होते, त्याने काय ठेवलं. बिल्ला ठेवला. कोट घडी घालून ठेवला. मास्तरांनी चोरी केली असती तर बिल्ला आधी उचलला असता. नावाशिवाय सांगाड्याला प्रदर्शनात किंमत नाही. फादरांनी केली असती तरी बिल्ला गेला असता. ते कोणाला नावाशिवाय मातीत ठेवणार नाहीत. या चोराला हाडं हवी होती आणि हे नाव नको होतं. असं कधी होईल?"

आर्गिरोने पेटीतला बिल्ला उचलून धरला.

"नाव त्या हाडांचं नसेल तेव्हा."

"काय बोलताय तुम्ही?" ओर्नेला म्हणाली.

"सिन्योरा, तुमच्या भावाचा डावा हात मोडून वाकडा जुळला होता. मास्तर, तुम्ही साफ केलेल्या हाडांत मोडून जुळलेलं हाड कुठलं?"

मास्तरांनी पेटीच्या कडेला हात टेकला. "एकही नाही," ते म्हणाले. "अरे देवा. मी स्वतःच तुम्हाला सांगितलं."

"म्हणजे इटालियन कोटात दुसराच कोणी होता. त्रेचाळीस साली बेटावरून कोण नाहीसं झालं? आणि ज्याला सगळे जिवंत म्हणत होते, त्याचं नाव परवा अचानक मृतांमध्ये कोणी घ्यायला लावलं? आई जाऊन तीन वर्षं झाली. चाळीसावा गेला, वर्षश्राद्ध गेलं, तेव्हा नाही. मग आताच का? कारण आता तो परक्या नावानं परक्या देशात चालला होता."

फादरांनी सावकाश कालिरोईकडे मान वळवली.

"हाडं लपवायची कुठे?" आर्गिरो पुढे म्हणाली. "या बेटावर सापडणार नाहीत अशी जागा एकच. दुसऱ्या हाडांत. आईची हाडं वर काढायची घाई त्यासाठी. शुक्रवारी रात्री नवऱ्याच्या खिळ्यावरची किल्ली घेतली, स्त्रातिसला नेलं, आईसारखंच वाइनने धुतलं, त्याच चादरीखाली वाळवलं. अस्थिघराच्या अंगणात हाडं वाळताना दिसली तर इथे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. आणि चिमणीएवढ्या म्हातारीला दोघांची पेटी."

"आणि मी ते हसण्यावारी नेलं!" दारातून पांतेलिस म्हणाला.

कालिरोई सरळ उभी होती.

"त्याला बोगद्याच्या तोंडाशी तुकडा लागला," ती म्हणाली. "सगळं गाव आत खोलवर होतं, कोणी पाहिलं नाही. तो पाणी आणायला गेला होता. जर्मन वर आले होते. इटालियन कैद्यांना बोटींत कोंबत होते आणि त्या बोटी बुडत होत्या. इथला एक तोफची... त्याच्याशी माझं होतं. मीच म्हटलं, तुझा कोट याला चढव. माझ्या भावाला बटणं मी लावली. तो अजून थंडही झाला नव्हता. जर्मनांनी बिल्ला वाचला आणि पुरायचा त्रास नको म्हणून कोठडीच चिणून टाकली."

"आणि आईला?" फादरांनी विचारले.

"सांगितलं, इजिप्तला गेला. ती ऊर बडवून रडली असती तर जर्मनांना कळलं असतं. मग जर्मन गेले. मग इंग्रज आले, तेही गेले. रोज वाटायचं, उद्या सांगू. ती धक्क्यावर जायची आणि मी घरी तिच्यासाठी सूप गरम ठेवायची. एवढंच केलं मी तिच्यासाठी."

बाहेर ढोल थांबला.

आर्गिरोला इथे थांबता आले असते. चोरी उलगडली होती. पण ओर्नेला तिच्याकडेच पाहत होती.

"मग माझा दोनातो कुठे आहे?"

"ते मी सांगू," आर्गिरो हलकेच म्हणाली, "की तुम्ही सांगता, मिहालिस?"

मिहालिसने जाकीट कोपरावर आणखी ओढून घेतले.

"भावजींनी काल छताची अभद्र गोष्ट काढली आणि लाकडावर बोटं वाजवली. आपण सगळे तेच करतो. तुम्हीही लाकडी बाकड्यावरच बसला होता. पण तुम्ही हात लांब करून लोखंड धरलं. वाईट बोललं गेलं की लोखंड धरायची सवय समुद्राच्या पलीकडची, इटलीतली. बोली बदलते, हे बदलत नाही. ही भिंत पडू नये म्हणून तुम्ही छताची भीती घालत होता. छत तर पडलं नाही. कालिरोई मला म्हणाली, 'तिच्या भावाची इथे आबाळ झाली नाही.' अनोळखी मेलेल्या शिपायाबद्दल असं कोण बोलतं? आता ते जाकीट खाली ठेवा. डावा हात सरळ होत असेल, तर मी सगळ्यांची माफी मागेन."

मिहालिसने जाकीट पेटीवर ठेवले. हात कोपरात वाकलेलाच राहिला.

ओर्नेला उठली. त्याच्यापाशी गेली आणि त्याचा काळा चष्मा काढला.

"पत्र का नाही टाकलंस?" तिने विचारले.

"पहिल्या वर्षी भीती वाटली," तो इटालियनमध्ये म्हणाला. "दुसऱ्या वर्षी लाज. त्यानंतर वाटलं, तुम्ही रडून मोकळ्या झाल्या असाल. पुन्हा कशाला."

"आई दर नाताळला तुझं ताट वाढायची. गेल्या डिसेंबरातसुद्धा. आम्ही सगळे तिला वेडी म्हणायचो. मीसुद्धा. आणि तिचंच खरं होतं."

तिचा आवाज चढला नव्हता. त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरे झाले असते, असे पांतेलिस पुढे नेहमी म्हणे.

"आणखी एक आहे," मिहालिस म्हणाला. आता तो थांबूच शकत नव्हता. "मी अलेक्झांड्रियाचा आहे असं सांगून परत आलो, तेव्हा अनेझिनीने पहिल्याच दिवशी विचारलं, माझा मुलगा भेटला का तिकडे? मी म्हटलं, भेटला. बाजारात. तब्येत चांगली होती."

कालिरोईने डोळे मिटले. हे तिला ठाऊक होते. पण दुसऱ्या माणसांसमोर ते कधी उच्चारले गेले नव्हते.

फादर खाकरले. "पोलिसांत कोणी जायचं नाही," ते म्हणाले. "आपल्या आईच्या पेटीत आपला भाऊ ठेवणं, याला मी चोरी म्हणणार नाही. बाकीचं काय म्हणायचं, ते मला येत नाही."

*

उद्घाटन झाले. मंत्री आले नाहीत. मास्तरांचे भाषण इतके लहान झाले की बँडवाल्यांना वाजवायची वेळ कळली नाही.

पुढे मास्तरांनी त्या कोठडीत स्त्रातिसच्या नावाची पाटी लावली. तोफखान्याचा इतिहास लिहायला घेतला होता तो अर्धाच टाकला. "मी माणूस बघायला आलो होतो, आणि हाडं मोजत बसलो," असे म्हणत. काही वर्षांनी ते गेले. फादर येरोनिमोस म्हातारपणी मठात जाऊन राहिले. पांतेलिसने पिरेअसला छोटी खाणावळ काढली आणि गिऱ्हाइकांपेक्षा जास्त स्वतः जेवला. आर्गिरोने हरवलेल्या माणसांची कामे घेणे बंद केले. "विमाच बरा," म्हणायची, "तिथे माणूस सापडला म्हणून कोणाच्या तोंडचं पाणी पळत नाही."

ओर्नेला सोमवारच्या बोटीने रिकामी शवपेटी घेऊन गेली. मिहालिस धक्क्यावर उभा होता. तिने मागे पाहिले नाही. त्या हिवाळ्यात तो एकटा इटलीला गेला. तिने दार उघडले, अंथरूण घालून दिले, आईची कबर दाखवली. बोलली मात्र नाही. आठ दिवसांनी तो परत आला आणि पुन्हा फाटकाशी बसू लागला. गावाने त्याला दोनातो म्हणायचा प्रयत्न केला; तोच वळून बघेना. शेवटी तो मिहालिसच राहिला.

१९९५ साली तो वारला. कालिरोईने त्याला बेटाच्या मातीत तीन वर्षे ठेवले. मग हाडे वर काढली, धुतली, वाळवली, आणि ओर्नेलाला फोन करून बोलावून घेतले.

ओर्नेला आली, काठी टेकत. दोघी म्हाताऱ्यांनी पेटी दोन्ही बाजूंनी धरून बोटीपर्यंत नेली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

कालिरोई त्यानंतर बरीच वर्षे जगली. आता ती अस्थिघरात आई आणि भावाच्या शेजारी आहे. नवऱ्याशेजारी जागा ठेवली नाहीस, सगळाच कशाला देऊन टाकलास, असे बायका तिला विचारत. ती हातातले काम थांबवत नसे.

"माझ्याकडे तो जन्मभर होता," म्हणायची. "आता त्याच्या आईची पाळी."